काळजीवही

त्या सोमवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी, शाळेच्या मागील इमारतीच्या तळमजल्यावर, पहिलीच्या वर्गातील खिडकीखालच्या टेबलावर ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात चाळीसपैकी एकतीस रेशीमअळ्या मेलेल्या आढळल्या. नऊ जिवंत होत्या. वर्गशिक्षकाने ही मोजदाद दोनदा केली. वस्तुतः झाकण उचलताच जो आंबूस वास आला त्याने जे कळायचे ते कळले होते. तरीही तो मोजत राहिला, कारण मोजणी चालू आहे तोवर मनावर दुसरे कोणतेही काम येऊन पडत नाही. मेलेल्या अळ्या काळपट झाल्या होत्या आणि बोट लागताच पाणी भरलेल्या पिशवीसारख्या दबत होत्या. सर्वांत मोठी अळी, जिला मुलांनी ‘पैलवान’ असे नाव दिले होते, मागच्या पायांनी काटकीला धरून डोके खाली सोडून लोंबकळत होती. शाळेची घंटा साडेआठला होत असे. म्हणजे त्याच्या हातात पन्नास मिनिटे होती, आणि पन्नास मिनिटांनंतर सहा वर्षांची अठ्ठावीस मुले दप्तरे फेकून आधी याच खोक्याकडे धावणार होती.

प्रथम त्याने कारण शोधायला घेतले. तो स्वभावाने वाद घालणारा मनुष्य होता, आणि समोर दुसरे कोणी नसले तर स्वतःशी वाद घालण्याचीही त्याला सवय होती. मुंग्या? टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे होते आणि त्या वाट्या भरलेल्या होत्या. औषधाची फवारणी? तुतीचे झाड आतल्या चौकात होते, तिथे गेले वर्षभर कसलाही फवारा पोहोचलेला नव्हता. ऊन? खिडकी उत्तरेची. उपासमार? खोक्यात पाने होती, भरपूर होती, आणि तीच आता त्याला विचित्र वाटू लागली; कारण दोन दिवसांची ती पाने सुकलेली नव्हती. त्याने एक पान उचलले. ते खालच्या कागदाला चिकटले होते, आणि सोडवताना कागदाचा ओला तुकडा बरोबर घेऊन आले. याच वेळी शाळेचे शिपाई, ज्यांना मुलेच काय, सगळे शिक्षकही ‘मामा’ म्हणत, व्हरांडा झाडता झाडता दारात आले. शाळेच्या आवारातच राहत असल्याने शनिवार-रविवारची पाने टाकण्याचे काम त्यांच्याकडे असे. त्यांनी आत डोकावून पाहिले आणि झाडू भिंतीला टेकवून ठेवला. खाणे शुक्रवारपासूनच कमी झाले होते, ते म्हणाले. तरी आपण दिवसातून तीनदा पाने टाकली, एक वेळ चुकवली नाही. मग, कोणी दोष देण्याच्या आधीच हिशेब स्वच्छ असावा म्हणून, त्यांनी पुस्ती जोडली, “आणि धुऊनच टाकली हं, सर. वहीत काढलंय तसं.”

“वहीत?”

“नळ काढलाय ना त्या पोरीनं. खाली तुमची खूण होती, म्हणून मीही धुतली. नाहीतर मला कुठलं काय कळतंय त्यातलं?”

ती वही टेबलाच्या कडेला खिळ्याला दोरीने बांधलेली असे. तिचे नाव काळजीवही. ज्या मुलाची पाळी असेल त्याने आठवडाभर अळ्यांना पाने द्यायची, खोके साफ करायचे, चौकातल्या झाडाला आणि खिडकीतल्या घेवड्याच्या रोपांना पाणी घालायचे, आणि दिवसाचे काम झाले की वहीच्या एका चौकोनात त्याचे चित्र काढून ठेवायचे. काढायचे अशासाठी की लिहिणे अजून कोणालाच धड येत नव्हते. संध्याकाळी शिक्षकाने त्या चौकोनाखाली लाल शाईने खूण करून ‘छान’ असे लिहायचे. ही पद्धत त्याची स्वतःची होती आणि तिचा त्याला अभिमान होता. गेल्या आठवड्याची पाळी त्या मुलीची होती जिला सगळा वर्ग ‘डॉक्टरीणबाई’ म्हणत असे. तिची आई रुग्णालयात परिचारिका होती, आणि लेक मधल्या सुट्टीत डबा उघडण्यापूर्वी आपल्या रांगेतल्या सर्वांची नखे तपासून दोघातिघांना तरी नळावर परत पाठवीत असे. त्याने तिचे पान उघडले. पाच चौकोन होते. पहिल्या चारांत तोच क्रम होता: झाड, पान, नळ. नळातून निळ्या रंगाचे थेंब पडत होते, अत्यंत नेटके, एकाखाली एक. आणि ते हातावर पडत नव्हते, पानावर पडत होते. चार दिवस त्याने हे पाहिले होते आणि चार दिवस त्याला ते हात धुणे वाटले होते; किंवा खरे बोलायचे तर त्याला काहीच वाटले नव्हते, कारण त्याने खूण केली होती, पाहिले नव्हते. पाचव्या चौकोनात नळ होता, पान होते, आणि त्याखाली एक आडवी अळी होती जिचे तोंड दोन्ही टोकांना खाली वळलेले होते. त्या अळीच्याही खाली त्याच्या वळणदार अक्षरात लिहिले होते: छान.

रेशीमअळीला ओले पान चालत नाही. तिचे पोट बिघडते आणि ती दोनचार दिवसांत मरते. ही गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती, इतकी पक्की की ती सांगायला लागते हेच तो विसरला होता. पाने कोवळी असावीत हे त्याने सांगितले होते. हात धुवावेत हे सांगितले होते. अळीला चिमटीत धरू नये, तिच्या अंगावर फुंकर घालू नये, तिच्याजवळ शिंकू नये, हे सारे त्याने अभिनयासकट सांगितले होते. पान कोरडे असावे हे सांगितले नव्हते. आणि हे एवढ्यावरच थांबले असते तर त्याला विस्मरण म्हणता आले असते. पण शुक्रवारची गोष्ट उरलीच होती. शुक्रवारी दुपारी तो प्रगतिपत्रके भरत असताना ती मुलगी टेबलाशी येऊन उभी राहिली होती आणि अळ्यांचे पोट बिघडले आहे असे तिने सांगितले होते. त्याने मान वर न करता उत्तर दिले होते की त्या झोपल्या आहेत, कात टाकण्याआधी त्या अशाच झोपतात, परवाच नाही का सांगितले. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग तिने विचारले होते, झोपेत शी करतात का. तो हसला होता. एवढेच नव्हे, तर जाता जाता शिक्षकांच्या खोलीत त्याने तो प्रश्न सर्वांना सांगितला होता आणि शेजारच्या वर्गाच्या बाईंना चहाचा ठसका लागला होता.

मामा परत झाडायला गेले होते. वर्गात तो एकटा होता आणि वही उघडी होती. पान फाडले तर दोरीजवळून सहज सुटेल, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याने तो येऊ दिला, कारण आलेल्या विचाराला न आल्यासारखे करणे ही त्याच्या मते अप्रामाणिकपणाची सुरुवात होती. पान नसले की नळ नाही, नळ नसला की खूण नाही. पण त्याचा हात वहीवर होता त्याच क्षणी त्याच्या बोटांना ओळखीचा असा स्पर्श जाणवला, आणि तो कागदाचा नव्हता. तो लवदार, जाड, किंचित निसरड्या पानाचा होता. तो सात वर्षांचा असताना आई अठरा दिवस रुग्णालयात होती. जाताना तिने जांभळ्या फुलांची एक लहान कुंडी त्याच्यासमोर ठेवली होती आणि म्हटले होते, ह्याला तू बघ. तो बघत असे. सकाळी पाणी घाली, संध्याकाळी घाली, आणि त्याशिवाय आईची आठवण झाली की घाली. आणि आठवण फार वेळा होत असे. बाराव्या की तेराव्या दिवशी त्याने पान हातात घेतले आणि सगळे रोपच देठापासून सुटून त्याच्या हातात आले. तो रडला नाही. वडील कामावरून येईपर्यंत तो ते रोप तसेच धरून स्वयंपाकघराच्या दारात बसून राहिला. वडिलांनी एकदा पाहिले, पायांत चपला सरकवल्या, आणि तासाभरात अगदी तसेच दुसरे रोप आणून त्याच कुंडीत लावले. आईला सांगू नकोस, ते म्हणाले, काही झालंच नाही असं समज. ते प्रेमळ गृहस्थ होते आणि त्यांना मुलाचे दुःख बघवत नव्हते. आई घरी आली, कुंडीजवळ गेली, तिने एक पान दोन बोटांत धरून पाहिले, मग वडिलांकडे पाहिले, मग त्याच्याकडे, आणि म्हणाली, “छान ठेवलंस हो.”

तिला कळले होते. तिला कळले आहे हे त्याला कळले होते. ताईलाही माहीत होते, आणि पुढे कित्येक वर्षे घरात कोणी नवे रोप आणले की ताई म्हणे, त्याला लांब ठेवा, त्याच्या हाताला गुण नाही. सगळे हसत, तोही हसे. परंतु त्या हसण्याखाली त्याने एक गोष्ट मनाशी निश्चित धरली होती: आपल्या हातात काहीतरी आहे. काय आहे ते माहीत नाही. ज्याला हात लावावा ते मरते, आणि घरातली मोठी माणसे ते मायेने झाकून ठेवतात, म्हणजे ते फार भयंकर असले पाहिजे. त्याने मांजर पाळले नाही. लग्नानंतर बायकोने खिडकीत कुंड्या ठेवल्या तेव्हा त्याने पाणी घालण्याचे काम कधी अंगावर घेतले नाही आणि तिने त्याला आळशी ठरवले. आळशी ठरणे त्याला परवडले. अठ्ठाविसाव्या वर्षी शाळेसाठी रोपे आणायला तो रोपवाटिकेत गेला असता तिथल्या माळ्याने बोलता बोलता एक कुंडी उलटी करून रोप मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढले आणि काळी, सडलेली मुळे त्याला दाखवली. पाणी जास्त झालं, माळी म्हणाला. लोक प्रेमानं बुडवतात. इतकेच. एकवीस वर्षे जे त्याने स्वतःच्या तळहातात जपून ठेवले होते ते अर्ध्या वाक्यात मातीत मिसळले. तो घरी आला आणि त्या संध्याकाळी त्याला वडिलांचा पहिल्यांदा राग आला, जे तेव्हा हयात नव्हते.

त्याने वहीवरून हात काढला. प्रश्न अळ्यांचा नव्हता, हे आता त्याला स्वच्छ दिसत होते; एकतीस अळ्या मेल्या होत्या आणि त्यांच्यासाठी काही करण्याजोगे उरले नव्हते. प्रश्न एका सहा वर्षांच्या मुलीच्या हातांचा होता. तिला आज कारण मिळाले नाही तर ती ते स्वतः तयार करील, आणि मुले जी कारणे तयार करतात ती नेहमी खऱ्या कारणाहून मोठी आणि क्रूर असतात.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, आठ वाजून पाच मिनिटांनी आल्या. मामांनी सांगितले असावे. त्यांनी खोक्यात पाहिले, नाकाला पदर लावला नाही. त्या दुष्ट नव्हत्या. त्या तेवीस वर्षे शाळा चालवत होत्या, आणि शाळा चालवणारा मनुष्य शेवटी रडण्याचा आवाज ओळखून वागायला शिकतो. खोके मामांकडे द्यावे, त्यांनी सुचवले. मुलांना सांगावे की पाखरे झाली आणि उडून गेली. नाहीतरी तीन आठवड्यांनी हेच व्हायचे होते, थोडे आधी झाले इतकेच. त्यांनी दोन वर्षांपूर्वीच्या माशाची आठवण करून दिली: एक मासा मेला तर एका मुलाने चार दिवस शाळेत पाऊल ठेवले नव्हते आणि त्याचे आजोबा कार्यालयात येऊन बसले होते. त्याने उत्तर दिले की कोश न करता पाखरू होत नाही हे आपणच मुलांना चित्र काढून शिकवले आहे, आणि ती चित्रे अजून भिंतीवर आहेत. बाईंनी भिंतीकडे पाहिले. मग त्यांनी दुसरा मार्ग काढला, जो पहिल्यापेक्षा अधिक मोहक होता: चूक आपलीच असे त्याने सांगून टाकावे, मुलीचे नावच येऊ देऊ नये. त्याला हे क्षणभर उदार वाटले. नंतर त्याने ते तपासले आणि त्याला दिसले की हेही नवे रोप आणून जुन्या कुंडीत लावणेच आहे. पाने तिने धुतली होती. तिचे चित्र पाहून मामांनीही धुतली हे वर्गातल्या कोणालाही त्यांच्याकडूनच दुपारपर्यंत कळेल, आणि मग ती मुलगी ही गोष्ट आणि सरांचे म्हणणे शेजारी ठेवून पाहील. नखांतली माती जिच्या नजरेतून सुटत नाही तिच्या नजरेतून हे सुटणार नाही. आपण केले ते केले नाही असे जर मोठ्यांनी ठरवून टाकले, तर आपण केले ते सांगण्याजोगेही नाही, एवढेच त्यातून शिकायला मिळते.

“मी खरं आहे तेवढं सांगणार, बाई,” तो म्हणाला. “जास्त नाही, कमी नाही.”

मोठ्या बाईंनी घड्याळ पाहिले. “सांगा. पण रडणं तुम्ही निस्तरायचं. आणि एका जरी घरून तक्रार आली, तर हा कोपरा आजच बंद. टेबल, खोकं, रोपं, सगळं. मला मग काही बोलायचं नाही.”

त्याने ते मान्य केले. ती अट अन्यायाची आहे असे त्याचे मत होते आणि एरवी त्याने त्यावर अर्धा तास घेतला असता. पण अर्धा तास नव्हता. त्याने एक मोठा पांढरा कागद पसरला आणि मेलेल्या अळ्या चमच्याने एकेक उचलून त्यावर ओळीने ठेवल्या, पैलवानासकट. नऊ जिवंत अळ्या त्याने नव्या, कोरड्या खोक्यात हलवल्या. त्यांतल्या दोन फारशा हलत नव्हत्या, आणि त्यांच्याबद्दल काही बोलायचे नाही किंवा आशा दाखवायची नाही असे त्याने ठरवले. चौकातून तुतीची पाने आणली. त्यांवर पहाटेचे दव होते. घरून आणलेला स्वच्छ रुमाल त्याने कात्रीने कापून त्याचे चार तुकडे केले. मग घंटा झाली.

मुले आली, आणि खोक्याभोवती जो गलका नेहमी उठत असे तो उठण्यापूर्वीच विरला. त्याने सर्वांना जमिनीवर गोल बसवले, स्वतःही बसला, आणि सांगितले: अळ्या मेल्या आहेत, एकतीस मेल्या आहेत, झोपलेल्या नाहीत, परत उठणार नाहीत. पैलवानपण का, असे कोणीतरी विचारले. त्याने हो म्हटले. दोघीजणी रडू लागल्या. त्याने त्यांना गप्प केले नाही. मग त्याने कारण सांगितले: ओले पान अळीच्या पोटाला बाधते, आठवडाभर तिला ओली पाने मिळाली. त्याने काळजीवही दोरीतून सोडवून, उघडून मधोमध ठेवली. सगळी डोकी वहीवर वाकली. वर्गात एक मुलगा होता ज्याला त्याच्या अखंड बोलण्यामुळे ‘रेडिओ’ म्हणत. त्याला नळ सर्वांत आधी दिसला.

“म्हणजे हिनंच मारल्या.”

डॉक्टरीणबाई गोलाच्या पलीकडच्या बाजूला बसली होती. तिने आपले हात हळूच मांडीखाली घातले. शिक्षकाने ते पाहिले.

“हिनं पानं धुतली,” तो म्हणाला. “का धुतली, ते तिलाच विचारूया.”

तिने वर पाहिले नाही. पोटात जाणारे सगळे धुवून घ्यायचे असते, ती म्हणाली, आई म्हणते; सफरचंद नाही का धुवत? यावर वर्गात बराच विचार झाला. एका मुलीने कबूल केले की आपली पाळी असती तर आपणही धुतलीच असती. दुसऱ्याने सांगितले की आपण तर साबण लावला असता. रेडिओसुद्धा थोडा वेळ बंद पडला. मग शिक्षकाने वहीतली पाचही लाल ‘छान’ बोटाने एकेक करून दाखवली आणि ती कोणी लिहिली असे विचारले. तुम्ही, असे अठ्ठावीस आवाज आले. त्याने सांगितले की पान कोरडे हवे हे मला माहीत होते आणि मी ते तुम्हाला सांगितले नव्हते. चित्रात नळ होता आणि मी तो नीट पाहिला नव्हता. माझी खूण पाहून मामांनीही पाने धुतली. हे बोलताना त्याने आवाजात पश्चात्ताप येऊ दिला नाही, कारण पश्चात्ताप आला असता तर मुलांनी त्याचेच सांत्वन केले असते, आणि ती उलटी शिकवण झाली असती.

ती उठली. गोलाच्या मधून चालत ती पांढऱ्या कागदाजवळ गेली, गुडघ्यांवर बसली, आणि प्रत्येक अळीकडे तिने क्रमाने पाहिले, जणू रांगेतली नखे तपासावीत तसे. हात तिने पाठीमागे बांधले होते. पैलवानाजवळ ती अधिक वेळ थांबली. व्हरांड्यात मामांचा झाडू थांबला. दाराच्या फटीत मोठ्या बाईंच्या साडीचा काठ दिसत होता.

“ओल्यानंच झालं ना?” तिने विचारले. “दुसरं काही नाही?”

“दुसरं काही नाही.”

“माझ्या हाताचं काही नाही?”

“नाही. हात स्वच्छ होते तुझे. पानं ओली होती.”

तिने यावर विचार केला. मग पाठीमागचे हात सोडून ते पुढे आणले आणि रुमालाचा एक तुकडा उचलला. तिने पान घेतले, आधी वरची बाजू पुसली, मग उलटून खालची. देठाजवळची घडी बोटाने उघडून तीही पुसली. ते गालाला लावून पाहिले, कोरडे आहे अशी खात्री करून नव्या खोक्यात ठेवले. एक अळी हळूहळू वळली आणि पानाच्या कडेला लागली. खाण्याचा तो बारीक आवाज, कोणी कोरडा कागद दूर कुठेतरी चुरगाळावा तसा, जवळ बसलेल्या सर्वांना ऐकू आला. तिने दुसरे पान घेतले. पुसता पुसताच, त्याच्याकडे न बघता, ती म्हणाली, “मी शुक्रवारी सांगितलं होतं तुम्हाला. पोट बिघडलंय म्हणून.”

“हो. सांगितलं होतंस.”

“तुम्ही बघितलं नाहीत.”

“नाही बघितलं.”

तिने ते पानही गालाला लावून पाहिले, ठेवले, आणि उरलेल्या पानांकडे नजर टाकून ती पुरतील का याचा अंदाज घेतला. नंतर ती त्याच्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता आणि भीतीही नव्हती. दोन्ही बाजू ऐकून झालेल्या माणसाचा तो चेहरा होता.

“दोघांचं चुकलं, सर,” ती म्हणाली. “तुमचं जास्त.”